वायपरची मोटर आणि बेदाण्याचा पट्टा

फेब्रुवारी संपत आला होता. तासगावहून मणेराजुरीकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला बेदाण्याची शेडं भरायला लागली होती. दाजींचा फोन आला. "पाव्हणं, तुमच्या भाच्यानं पट्टा केलाय. पाच मिंटं चालतोय, पाच मिंटं बसतोय. त्याच्यासंगं बायका बी बसत्यात. हाजरी मात्र मला पुरी द्यावी लागती."

माझं सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चार एकर द्राक्ष. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. पोरगं हुशार आहे, पण वस्तू आधी मागवायची आणि हिशेब नंतर करायचा, ही सवय. माझीही त्या वयात हीच होती, म्हणून फार बोललो नाही.

पट्ट्याची गरज खरी होती. जाळीवर वाळलेला बेदाणा झाडून काढला की त्यातल्या काड्या, काळे मणी, फुटके दाणे हातानं वेचावे लागतात. मोठ्या व्यापाऱ्याकडं त्यासाठी यंत्रं असतात. दाजींकडं ताडपत्री, आणि तिच्याभोवती दिवसभर वाकून बसलेल्या सहा बायका. पोरानं आठ फुटी पट्टा केला, दोन्ही बाजूंना तीन-तीन स्टुलं ठेवली. सांगाडा अँगलचा, रोलर १०० मिलिमीटर व्यासाचा, वर पांढरा पीव्हीसी बेल्ट, बेल्टखाली पत्रा. मोटर मिरजेतल्या भंगारवाल्याकडून आणलेली, एका जुन्या चारचाकीच्या वायपरची. शेतीच्या फीडरला वीज पाळीनं येते, तीही कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळं घरगुती विजेवरची मोटर लावण्यात अर्थ नव्हता. १२ व्होल्टची, बॅटरीवर चालेल अशी हवी होती.

वायपरच्या मोटरची निवड मला पटली. आत वर्म गिअर असतो, त्यामुळं बाहेरचा दांडा मिनिटाला चाळीस-पन्नास फेरेच मारतो आणि जोर भरपूर लावतो. वर्म असल्यानं वीज काढली की जागच्या जागी थांबतो, वेगळा ब्रेक लागत नाही. फक्त तिच्यावर आकडे काही लिहिलेले नसतात. तिथूनच पुढचं रामायण सुरू झालं.

पोरानं पहिल्यांदा जोडणी केली ती एल२९८एन ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं सर्किट, आणि १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस अशी. हा तोच जाळीच्या पत्र्याच्या डब्यातला सप्लाय, जो एलईडीच्या पट्ट्यांना लावतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळे हाच ड्रायव्हर वापरतात, म्हणून यानंही वापरला. रिकामा पट्टा फिरायचा, पण मरगळलेला. चार-पाच मिनिटांत थांबायचा. जरा वेळानं आपोआप सुरू व्हायचा.

मी गेलो तेव्हा आधी नुसतं बघत बसलो. बिघाडाला ताल असतो, आणि तो ऐकला तर मीटर काढायच्या आधीच अर्धं कळतं. मिनिटांच्या हिशेबानं थांबणं-चालणं होत असेल तर काहीतरी तापून स्वतःला बंद करतंय आणि निवलं की परत उठतंय. इथं तेच होतं. एल२९८एनच्या काळ्या पत्र्याला बोट लावलं आणि लगेच काढलं.

हा जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर आहे, आत बायपोलर ट्रान्झिस्टर. एका बाजूची क्षमता सलग २ अँपिअर. तेवढ्या करंटला वरच्या आणि खालच्या ट्रान्झिस्टरमध्ये मिळून ४.९ व्होल्टपर्यंत पडू शकतात, असं त्याच्या माहितीपत्रातच आहे. म्हणजे १२ मधले सात-साडेसात मोटरला, आणि जवळजवळ १० वॅटची शेगडी ड्रायव्हरच्या अंगावर. पट्टा मरगळलेला का आणि ड्रायव्हर तापतोय का, दोन्हीचं उत्तर हेच. आत अतितापाचं संरक्षण आहे म्हणून तो जळला नाही इतकंच.

पोरगं म्हणालं, "मामा, ते मला कळलंय. दुसरा मागवलाय." त्यानं पिशवीतून बीटीएस७९६०चं मॉड्युल काढलं. त्यावर ४३ अँपिअर लिहिलं होतं.

त्या ४३ बद्दल एवढंच सांगतो की तो आकडा सलग चालवायचा नाही. त्या चिपची करंट-मर्यादा साधारण तिथं लागते. पाठीवर बोटभर ॲल्युमिनिअम लावलेल्या मॉड्युलमधून तेवढा करंट सतत काढला तर दाजींच्या शेडात गंधकाऐवजी त्याचीच धुरी होईल. पण आपल्याला चार-पाच अँपिअर हवे होते आणि त्याला तो भरपूर आहे. आत बायपोलरऐवजी मॉसफेट, म्हणजे स्वतः फारसं व्होल्टेज न खाणारे स्विच; त्या मार्गाचा अवरोध साधारण १६ मिलिओहम. ५ अँपिअरला एका चिपमध्ये अर्ध्या वॅटहूनही कमी उष्णता.

तो जोडला. कळ दाबली. पट्टा टिचभर हलला आणि थांबला. परत टिचभर, परत थांबला. दर सेकंदा-दीड सेकंदाला एक गचका, आणि सप्लायच्या डब्यातून बारीक टिक, टिक.

दाजी म्हणाले, "आधीचा बरा हुता की. निदान चालायचा तरी."

बहुतेक जण इथंच फसतात. नवा ड्रायव्हर खराब निघाला म्हणून परत पाठवतात आणि त्याच्याहून मोठा मागवतात. ड्रायव्हर उत्तम होता. आधीच्या ड्रायव्हरनं खाल्लेले चार-पाच व्होल्ट मोटरला सुरुवातीला आवळून धरत होते. ते आवळणं गेलं, मोटरनं पहिल्यांदा मोकळा घोट घेतला, आणि सप्लायला तो झेपला नाही. एसएमपीएसमध्ये ठरावीक करंटच्या वर गेलं की बंद व्हायचं, क्षणभर थांबून परत प्रयत्न करायचा, अशी सोय असते. तीच ती टिकटिक. ताल सेकंदाचा असेल तर संशय सप्लायवर घ्यायचा, मिनिटांचा असेल तर उष्णतेवर.

आता प्रश्न असा की मोटर पहिल्या घोटात किती पिते. हा आकडा हातात नसताना ड्रायव्हर निवडणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवणं.

उभ्या असलेल्या मोटरला फक्त तिच्या तारेचा अवरोध अडवतो. फिरायला लागली की ती स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट खाली येतो. म्हणून तो अवरोध मोजायचा. साध्या मल्टिमीटरनं अर्धा-पाऊण ओहम मोजण्यात अर्थ नसतो, कारण मीटरच्या वायरी आणि ब्रशचा स्पर्श यांचीच बेरीज तेवढी होते. दुकानातून करंट बांधता येणारा बेंच सप्लाय नेला होता. दांडा पकडीनं आवळला, २ अँपिअर सोडले, मोटरच्या टोकांवर व्होल्टेज बघितलं. दांडा थोडा थोडा फिरवून पाच जागी बघितलं, कारण ब्रश कुठल्या पट्टीवर बसलाय त्यावर आकडा हलतो. सरासरी १.३ व्होल्ट. म्हणजे ०.६५ ओहम. १२ ला ०.६५ नं भागा, साडेअठरा अँपिअर. उभ्या मोटरला पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ती एवढे मागणार, आणि समोर ५ चा सप्लाय.

मग चालतानाचे आकडे. नुसती मोटर, काहीही न जोडता: १.६ अँपिअर. रिकामा पट्टा: ४.४. बेदाणा टाकून: ५.२.

ह्या तीन आकड्यांकडं मी बराच वेळ बघत होतो. बेदाण्यासाठी फक्त ०.८ जास्त लागत होते, आणि रिकामा पट्टा ओढायलाच २.८. ओझं मालाचं नव्हतंच, पट्ट्याचं स्वतःचंच होतं. दाजींकडं वजनाचा ताणकाटा होता. तो बेल्टला अडकवून हातानं ओढला. रिकामा ७ किलो, भरलेला ९. बेल्ट सैल पडू नये म्हणून पोरानं दोन्ही बोल्ट पार आवळले होते, आणि एका बाजूचं बेअरिंग तिरकं बसलं होतं. बोल्ट दीड-दोन आटे सैल केले, बेअरिंगखाली पत्र्याची चकती दिली. काटा रिकामा ३, भरलेला ५. करंट २.८ आणि ३.६. इलेक्ट्रॉनिक्सच्या एकाही वस्तूला हात न लावता मोटरचा करंट साधारण एक तृतीयांशानं उतरला. पोराचं तोंड जरा उतरलं. मी म्हटलं, माझं पण असंच व्हायचं, पाना हातात घ्यायच्या आधी सोल्डरिंग गन घ्यायचो.

दुसरी गोष्ट वेगाची. १०० मिलिमीटरचा रोलर, मिनिटाला ४५ फेरे, म्हणजे पट्टा मिनिटाला १४ मीटर. एवढ्या वेगात काडी दिसेपर्यंत ती पुढच्या बाईकडं गेलेली असते. हवा होता साधारण ५ मीटर. पोराचा बेत होता तो ड्रायव्हरच्या पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वीज भराभर तोडून-जोडून, उतरवायचा. उतरतो, पण मोटरला व्होल्टेज कमी मिळतं, जोर करायची ऐपतही तेवढी कमी होते, आणि ओझं तेवढंच राहतं. त्याऐवजी सायकलची चेन आणि दोन दातेरी चक्रं लावून वेग निम्मा केला. चेननं निम्मा केलेला वेग मोटरवरचं ओझंही निम्मं करतो. मोटरचे स्वतःचे १.६ धरून भरलेल्या पट्ट्याला करंट २.८ झाला. राहिलेला फरक पीडब्ल्यूएमवर सोडला, साधारण ७० टक्क्यांवर पट्टा हवा तसा चालायला लागला.

इथं मापनातली एक खोड सांगायला हवी. पीडब्ल्यूएम चालू असताना सप्लायच्या वायरीत आणि मोटरच्या वायरीत करंट सारखा नसतो. मोटरमध्ये २.८ असेल आणि पीडब्ल्यूएम ७० टक्क्यांवर असेल तर सप्लायकडून साधारण २ च येतात. उरलेल्या वेळात मोटरचा करंट ड्रायव्हरमधूनच गोल फिरत असतो. म्हणून ड्रायव्हर निवडताना मोटरच्या बाजूचा आकडा घ्यायचा, सप्लाय आणि बॅटरी निवडताना सप्लायच्या बाजूचा. पोरानं मीटर सप्लायच्या वायरीत लावला होता आणि तोच आकडा ड्रायव्हरसाठी धरत होता.

ह्याच गोष्टीचा सुरुवातीला मोठा फायदा होतो. कळ दाबल्याबरोबर १०० टक्के न देता हळूहळू चढवलं, तर ३० टक्क्यांवर उभ्या मोटरला ३.६ व्होल्ट मिळतात, मोटरमधून साडेपाच अँपिअर जातात, पण सप्लायकडून फक्त १.७ च्या आसपास. पट्टा हलायला तेवढं पुरतं. अर्ध्यावर जरी मोटर उभीच राहिली तरी सप्लायची मागणी ४.६. म्हणजे दोन सेकंदांत हळू चढवलं तर तोच ५ अँपिअरचा सप्लाय टिकटिक न करता चालतो. पोरानं आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, ड्रायव्हरच्या तोंडाशी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि पट्टा खरंच गुमान चालू झाला. दाजींनी पहिल्यांदा चहा सांगितला.

पण वीज गेली की हे सगळं ठप्प. बॅटरी लागणारच होती, आणि बॅटरी आल्यावर मला नॅनो नको वाटायला लागला. एप्रिलात, चाळीस डिग्रीत, धुळीत काही बिघडलं तर मी सांगलीत आणि पोरगं परीक्षेत. एकाच मॉसफेटचा, गोल बटणाचा तयार स्पीड कंट्रोलर बाजारात मिळतो. जळला तर चार वायरी सोडून नवा लावायचा. पट्टा उलटा फिरवायची गरजही नव्हती, मग दोन्ही दिशांना फिरवणारा पूर्ण ब्रिज कशाला? बॅटरी साडेअठरा अँपिअरचा क्षणभराचा घोट सहज देते. मी माझ्या शहाणपणावर खूश होऊन तसा कंट्रोलर घेऊन गेलो.

जोडला. बटण शून्यावर होतं. बॅटरीची कळ दाबली आणि पट्टा पूर्ण वेगानं सुटला. दोन पाट्या बेदाणा पलीकडच्या टोकाला जमिनीवर. एक मावशी हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली.

चूक माझी. गाडीतल्या बऱ्याच वायपर मोटरचं ऋण टोक वेगळं बाहेर येत नाही, ते मोटरच्या अंगालाच जोडलेलं असतं, कारण गाडीचा सगळा पत्राच ऋण असतो. ही मोटर तशीच होती. आणि हे तयार कंट्रोलर बहुधा ऋण बाजूच तोडतात-जोडतात, मॉसफेट खालच्या अंगाला असतो. मोटर अँगलच्या सांगाड्यावर बोल्टनं कसलेली, आणि बॅटरीचं ऋण टोक पोरानं, रीतसर, त्याच सांगाड्याला अर्थ केलेलं. मॉसफेटला वळसा घालून करंट सांगाड्यातून सरळ निघून गेला. कंट्रोलरला कुणी विचारलंच नाही. आधीच्या जोडणीत ही अर्थची वायर नव्हती, म्हणून तोवर झाकलं गेलं होतं. ती असती आणि कुणी उलटं फिरवून बघितलं असतं, तर ब्रिजची वरची बाजू थेट सांगाड्यातून शॉर्ट झाली असती.

मोटरखाली रबर आणि फायबरच्या चकत्या घालून ती सांगाड्यापासून तोडता आली असती. पण चेन लोखंडी, दांडा लोखंडी, चक्र लोखंडी. कुठंतरी स्पर्श होणारच. दुसरा मार्ग पोरानंच काढला. "मामा, बीटीएसचा अर्धाच भाग वापरला तर?" त्या मॉड्युलवर दोन स्वतंत्र अर्धे ब्रिज असतात. एकाच अर्ध्याचं टोक मोटरच्या धन वायरीला द्यायचं, मोटरचं अंग आणि सांगाडा सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा अर्धा बंद करून तसाच सोडायचा. असं केलं की तोडजोड धन बाजूला होते आणि सांगाडा ऋण असला तरी बिघडत नाही. मी माझा कंट्रोलर गपचूप पिशवीत टाकला, नॅनो परत जागेवर आला.

वायपरच्या मोटरला आणखी वायरी असतात. एक जास्त वेगाच्या तिसऱ्या ब्रशची, आणि काच पुसून झाली की वायपर ठरावीक जागी थांबवणाऱ्या आतल्या स्विचच्या. त्या कापून टोकांना टेप मारला. हे न करता वायरी मोकळ्या लोंबत ठेवल्या आणि एखादी सांगाड्याला लागली, तर काय होईल ते मावशीला विचारा.

बॅटरी ४२ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद घेतली. दाजींच्या ट्रॅक्टरची जुनी पडून होती, पण स्टार्टरच्या बॅटरीला रोज खोलवर रिकामं होणं मानवत नाही. हिशेब सोपा. सप्लायच्या बाजूला २ अँपिअर, आठ तास, १६ एएच. बेचाळीसमधले सोळा, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आत. चार्जिंगला पोरगं तोच ५ अँपिअरचा एसएमपीएस लावणार होतं, त्याचा बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवून. तो टिकटिक जातीचा आहे, रिकाम्या बॅटरीपुढंही टिकटिकच करणार. करंट बांधून ठेवणारा खरा चार्जर घेतला, आणि शेडातल्या उन्हाचा विचार करून १३.८ ऐवजी १३.५ व्होल्टवर ठेवला. गरम बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी लागतं.

वायरी बदलल्या. बॅटरी खोलीत, पट्टा ८ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटर. आधीच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा एकूण अवरोध ०.४ ओहमच्या वर, मोटरच्या निम्म्याहून जास्त. २.५ ची टाकल्यावर ०.१३. ड्रायव्हरचा डबा मोटरजवळ ठेवला, आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या खोलीपासून शक्य तितका लांब. धुरीच्या खोलीतल्या विजेच्या बटणांचं तांबं काळं पडलेलं मी आधीच बघितलं होतं.

नॅनोला ५ व्होल्ट वेगळ्या छोट्या कन्व्हर्टरमधून दिले. पहिल्या दिवशी पट्टा सुरू झाला की कुईं असा आवाज यायचा, बायका वैतागल्या. नॅनोच्या साध्या पीडब्ल्यूएमचा ४९० हर्ट्झ माणसाच्या कानाला चांगलाच ऐकू येतो. तो १६ हजारांवर नेला. ड्रायव्हर किंचित जास्त कोमट राहतो, चालतंय. ह्या चिपला २५ हजारांपर्यंत चालतं.

फ्यूजवरून माझं आणि पोराचं वाजलं. त्यानं बॅटरीच्या टोकाला १५ अँपिअरचा लावला होता आणि तेवढ्यावर समाधानी होता. तो वायरीसाठी बरोबर आहे, पण मोटर वाचवणार नाही. ७० टक्क्यांवर काडी अडकून मोटर उभी राहिली तर मोटरमधून १२.९ अँपिअर जातात आणि बॅटरीकडून फक्त ९. पंधराचा फ्यूज जागचा हलणार नाही आणि मोटर भाजत राहील. म्हणून दुसरा, साडेसातचा, गाडीत असतो तसला पात्याचा फ्यूज मोटरच्या वायरीत घातला. तिथं १२.९ म्हणजे त्याच्या पावणेदोन पटीला जवळ, थोड्या वेळात उडतो. हळू चढवलेली सुरुवात त्याच्या आतच राहते. वेग अगदी कमी ठेवलेला असताना अडकलं तर मात्र फ्यूजलाही कळत नाही, कारण तेव्हा करंट साडेपाचच असतो. तेवढ्यासाठी पोरानं मॉड्युलचीच करंट सांगणारी पिन वाचून, ५ अँपिअरच्या वर तीन सेकंद राहिलं की बंद, असं नॅनोत घातलं. ती पिन आतापर्यंत त्यानं वापरलीच नव्हती.

मार्चभर पट्टा चालला. एकदा जाड देठ रोलरमध्ये गेला आणि साडेसातचा फ्यूज उडाला. मी पोचेपर्यंत गड्यानं त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती आणि काम चालू ठेवलं होतं. दाजींना सांगितलं, त्यांनी तालुक्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात गड्याला सांगितलं. आता डब्याला सुतळीनं पाच फ्यूज बांधलेत आणि झाकणावर दाजींनी लाल ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलंय: ७॥

पोरानं मला विचारलं, "मामा, हे सातच्या पुढं दोन काड्या कसल्या?"